घाटातला न्यूट्रल

जांभळसड्यावर फौजेतून रिटायर होऊन आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. मग तो तिकडे लंगरमध्ये रोट्या लाटत होता की साहेबांच्या बुटांना पॉलिश करत होता, हे कोणी विचारत नाही. हंबीरराव तर तोफखान्यात ड्रायव्हर हवालदार होते. तेवीस वर्षं त्यांनी लडाखपासून सिक्कीमपर्यंत लष्कराचे ट्रक चालवले. गावी परतल्यावर अकरा वर्षं सडा ते पाटण वडापची जीप चालवली, दहा माणसांच्या जागेत अठरा बसवून. एवढ्या काळात आपली गाडी रस्त्यात कधी उभी राहिली नाही, हे ते न विचारता सांगत. विचारलं तर चहा थंड होईस्तोवर सांगत.

असल्या माणसाच्या दारात त्याच्याच लेकीने विजेवरची मोटार आणून उभी केली. राजनंदिनी सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. गाडी तिची स्वतःची, दोन वर्षं हौसेने वापरलेली. मार्चमधल्या एका रविवारी तिने किल्ली बापाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आबा, आजपासनं आईला हिच्यातनं न्यायचं." ती स्वतः त्या दिवशी एसटीने परत गेली आणि अजून एसटीनेच कॉलेजला जाते.

कारण असं की अंबूबाईंच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी कराडला जाऊन चार-चार तास मशीनवर पडायचं, तरच पुढचे तीन दिवस धड जायचे. सड्यावरून पाटणापर्यंत पंधरा किलोमीटर घाट आणि पुढे कराडपर्यंत सदतीस-अडतीस. जीप जुनी, सीटखालून डिझेलचा वास वर यायचा आणि पत्रा न् पत्रा खडखडायचा. जाताना अंबूबाईंना दोनदा उलटी व्हायची. येताना अंगात उलटीपुरतंही त्राण नसायचं. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्या उंबऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. म्हणाल्या, "बास झालं. मरणाला मी भीत न्हाई, पर ह्या जीपला भिते."

हंबीररावांनी समजावलं, ओरडून पाहिलं, शेवटी हात जोडले. बाई हलल्या नाहीत. मशीनच्या दोन पाळ्या चुकल्या आणि पुढच्या शुक्रवारी पहाटे त्यांचा श्वास कोंडला. फुप्फुसात पाणी झालं होतं. कराडला नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. त्या वेळी त्या वाचल्या, पण डॉक्टरांनी हंबीररावांना बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. कसंही करा, पण पाळी चुकवू नका." हे राजनंदिनीने ऐकलं आणि पुढच्या रविवारी गाडी दारात आली. जीप विकून टाकली.

गावाला आयतीच करमणूक झाली. पोरं म्हणू लागली, मेजरांनी मिक्सर घेतला. पारावरची म्हातारी मंडळी म्हणू लागली, मोबाईल चार्जिंगला लावायचा ऐकलं होतं, आता मोटारबी लावायची. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे रस्त्यात झोपलेलं कुत्रं उठत नसे आणि कोंबड्या चाकापर्यंत यायच्या. हॉर्न वाजवला की सगळं गाव दचकायचं. हंबीररावांना या सगळ्याची मनातून लाज वाटायची. गाडी म्हणजे कशी, तिने हुंकार दिला पाहिजे, चढाला लागली की कण्हली पाहिजे. ही नुसती सरकत होती.

पण अंबूबाईंना उलटी झाली नाही. पहिल्या मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही, मार्च सरला तरी नाही. वास नव्हता, थरथर नव्हती. आणि दुसरीही एक गोष्ट झाली. बाई बोलायला लागल्या. जीपमध्ये त्या तोंडाला पदर लावून गप्प असायच्या. निदान हंबीररावांना तसं वाटायचं; कधीमधी पदराआड ओठ हलल्यासारखे दिसले तर ते मान डोलवायचे. या गाडीत त्या सडा सुटल्यापासून कराड येईपर्यंत बोलत. कोणाची म्हैस व्याली, माहेरच्या विहिरीला पूर्वी किती पाणी असायचं, नंदी लहानपणी काय काय चोरून खायची. तोफखान्यात राहून हंबीररावांचे कान जरा मंद झाले होते, हे ते कोणाला कबूल करत नसत. पण या गाडीत बायकोचा बारीक झालेला आवाजही त्यांना नीट ऐकू यायचा. ते एखादा प्रश्न विचारायचे. एकदा तर दोघं हसतच दवाखान्यात शिरली आणि नर्स बघत राहिली.

एवढं होऊनही गाडीशी त्यांचं काही जमलं नाही. विशेषतः उतारावर. राजनंदिनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आबा, घाट उतरताना हे गोल बटण डीवर, ड्राइव्हवरच ठेवायचं. पाय काढला की मोटर डायनामोसारखी फिरून बॅटरी भरते. खाली जाल तेवढं चार्जिंग वाढतं. न्यूट्रल अजिबात करायचं न्हाई." हंबीरराव मान हलवत होते. मनात म्हणत होते, उतारानं टाकी भरती व्हय, शिकवतीय बापाला. डीवर ठेवून पाय काढला की गाडी मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी अडायची. त्यांच्या पायाला ते सहन व्हायचं नाही. अकरा वर्षं वडाप चालवताना ते सड्यावरून न्यूट्रलवर सुटायचे ते थेट पाटणच्या अलीकडे गिअर टाकायचे. एका फेरीला निदान अर्धा लिटर डिझेल वाचायचं. सगळे वडापवाले तेच करायचे. लष्करात असं केलं असतं तर त्यांच्या दंडावरची पट्टी उतरवली असती, हे त्यांनाही माहीत होतं. पण लष्कराचं डिझेल सरकारचं होतं आणि वडापचं घरचं. राजनंदिनी शेजारी बसून शिकवून गेली म्हणून महिनाभर त्यांनी बटणाला हात लावला नाही, एवढंच.

एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस आला तो गारा घेऊन. आंब्याची झाडं मोडली, तीन खांब आडवे झाले, आणि शनिवारी गेलेली वीज मंगळवार उजाडला तरी आली नाही. सड्यावर पवनचक्क्या गरगर फिरत होत्या आणि त्यांच्या पायाशी असलेल्या गावात दिवा नव्हता. खाली पाटणलाही तीच गत. गाडीत उरलं होतं एकोणीस टक्के.

मंगळवारी सकाळी त्यांनी राजनंदिनीला फोन लावला. ती म्हणाली, "पुरतंय आबा. सावकाश जावा, घाटात डीवर ठेवा, पाटणला पोचेस्तोवर दोन-चार टक्के वाढलेलं दिसंल. कराडला हायवेवर चार्जर हाय, आई मशीनवर असंस्तोवर गाडी भरून निघंल. फकस्त न्यूट्रल नगा करू."

"बरं," हंबीरराव म्हणाले. पण गाडीत बसल्यावर पडद्यावरचा तो एकोणीसचा आकडा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. त्यांनी आपलं गणित केलं. मोटर चालली की करंट जाणार. न्यूट्रल केलं की मोटर बंद, चाकं मोकळी, करंट शून्य. यात लेकीचं शिक्षण कुठे आलं? घाटाच्या तोंडाशी पवनचक्क्यांची रांग मागे पडली आणि त्यांनी बटण फिरवलं. गाडी सुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्यांना आपली वाटली.

घाटाला एकवीस वळणं आहेत. न्यूट्रलवरची गाडी प्रत्येक वळणावर फक्त ब्रेकवर आवरायची. दहाव्या-अकराव्या वळणानंतर चाकांतून जळका वास यायला लागला. अंबूबाईंनी पदर नाकाला लावला. पंधराव्या वळणावर त्यांनी हाताने थांबायची खूण केली, दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला वाकल्या. महिनाभरात पहिल्यांदा.

"घाट हाय, व्हतं कवातरी," हंबीरराव पाण्याची बाटली पुढे करत म्हणाले. बाईंनी चूळ भरली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि गाडीत बसल्या. पाटण आलं तेव्हा आकडा अठरावर होता. त्यानंतर बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना गार हवा लागावी म्हणून हंबीररावांनी एसी मोठा केला. आकडा झरझर उतरायला लागला.

मल्हारपेठ मागे पडलं तेव्हा नऊ होते. मग सहा. मग पडद्यावर एक कासवाचं चित्र उमटलं आणि गाडी खरंच कासवासारखी चालायला लागली. कराड पाच किलोमीटरवर असताना एका रसवंतीच्या पुढ्यात ती थांबली. उसाने भरलेला ट्रॅक्टर हॉर्न मारत शेजारून गेला.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा हंबीररावांची गाडी रस्त्यात उभी राहिली होती. घड्याळात साडेदहा झाले होते. अकराला अंबूबाईंची पाळी, आणि साडेअकरापर्यंत पेशंट आला नाही तर तो बेड दुसऱ्याला देतात.

त्यांनी स्टिअरिंगवर जोरात हात आपटला. "बघ! मी म्हणत न्हवतो? भरवशाची न्हाईच ही. खेळणं हाय नुसतं. आयत्या वक्ताला दगा दिला का न्हाई?"

अंबूबाई समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मग फिरा माघारी. फोन करून कुनाची तरी गाडी बलवा आन मला घरला न्या. आजपासनं बास."

"अगं पाळी चुकंल."

"चुकू द्या. शुक्रवारचीबी चुकू द्या."

 हा आवाज हंबीररावांनी फेब्रुवारीत ऐकला होता. ही बाई ओरडत असली तर घाबरायचं कारण नसे, ती शांत झाली की मात्र तिचं ठरलेलं असे. निळे पडलेले ओठ त्यांच्या डोळ्यांसमोर आले. ते दार उघडून बाहेर आले आणि बादशहाला फोन लावला.

बादशहा मिस्त्रीचं गॅरेज तीन किलोमीटर मागे, रस्त्यालाच. हंबीररावांच्या जीपचं इंजिन त्याने दोनदा उघडून बसवलेलं. आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. पंधरा मिनिटांत तो आला. दुरुस्तीला आलेली एक सहा आसनी डिझेल रिक्षा त्याने तशीच काढली होती, सायलेन्सर न बसवता. ती येत असल्याचं एक किलोमीटरवरून कळलं.

"काय मेजर, झोपली का भावली?" तो उतरता उतरता हसला. मग अंबूबाईंचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. त्याने गाडीला एक फेरी मारली, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि रिमजवळ हात नेऊन झटक्यात मागे घेतला. नाक पुढे करून वास घेतला. मग हंबीररावांना खुणेने बाजूला बोलावलं.

"न्यूट्रल मारलास घाटात?" तो हळू आवाजात म्हणाला.

हंबीरराव रसवंतीच्या घुंगरांकडे बघत राहिले.

"अरं गड्या, हिला न्यूट्रल म्हंजे उपास. उतारावर जे खायाला मिळतं तेच तू काढून घेतलंस. आन वर ब्रेक जाळलंस." बादशहाने मान हलवली. मग बायकोकडे पाठ केलेल्या आपल्या मित्राचा चेहरा त्याने पाहिला आणि आवाज आणखी उतरवला. "जाऊ दे. वैनीला मी सांगतो, ब्याटरीच बाद हाय म्हणून. तुझं नाक ऱ्हाईल. खरं सांगू? माझंबी बरं हुईल. आधी म्हयन्याला चार इंजिनं उघडत हुतो, आता दोन. हिला ना ऑइल लागतं ना फिल्टर. चार लोकांनी म्हणलं ह्या गाड्या दगा देत्यात, तर माझ्या पोरांची दोन वर्सं निघत्याल."

तो चेष्टा करत नव्हता. हंबीररावांना त्याची कीव आली आणि मोहही पडला. किती सोपं होतं. बॅटरी बाद. मिस्त्रीने सांगितलं म्हटल्यावर गावात कोणी शंका घेतली नसती. नंदीने घेतली असती, पण ती बापाला काही बोलली नसती. चौतीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. आणि अंबूबाई घरी राहिल्या असत्या. पुढे काय, ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

ते गाडीपाशी गेले. अंबूबाईंच्या बाजूचं दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले. असं ते कोणासमोर बसल्याचं बादशहाने कधी पाहिलं नव्हतं. तो उगाच रिक्षाच्या टायरला लाथ मारून बघू लागला.

"अंबू," ते म्हणाले, "गाडीत खोट न्हाई. मी घाटात न्यूट्रल केला. नंदीनं दहादा सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. आन मगाशी गाडीवर ढकललं."

अंबूबाईंनी मान वळवली.

"ठावं हाय मला."

"आं?"

"अकरा वर्सं त्या ब्रेकाच्या वासात बसले हुते मी. पयला वास आला तवाच कळलं. ह्या गाडीला वास न्हाई, मग आला कुठनं? मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बघत हुते, कुणाच्या माथी मारताय ते." त्या दम घ्यायला थांबल्या. "आवं, मी गाडीवर रुसून बास न्हवते म्हणत. गाडी गुणाची हाय. तुमी तोंडावर खोटं बोललासा. आठवड्यातनं दोन दिस शेजारी बसून खोटं ऐकायचं असंल, तर त्यापरीस घरात पडून मेलेली बरी."

 चूक कबूल केल्यावर पुढे काय करायचं असतं, याची हंबीररावांना सवयच नव्हती. 

"मशीनवर जीव नुसता सोलून निघतोय," बाई हळूच म्हणाल्या. "त्यासाठनं न्हाई येत मी, ह्या वाटंवरच्या बोलण्यासाठनं येते. जीपमदीबी मी बोलत हुतेच की. सारा रस्ता बोलत हुते. तुमी नुसती मान डोलवायचा, मला वाटायचं ह्यांना माझा कटाळा आलाय. ह्या गाडीत बसल्यावर कळलं, तुमास्नी ऐकूच येत न्हवतं."

रसवंतीवाला बिराप्पा ग्लास विसळता विसळता हे सगळं बघत होता. तो पुढे आला आणि गरज नसताना मोठ्याने म्हणाला, "आमच्यात मोटरच्या लाइनीचा जाड प्लग हाय मेजर. मोटार लावून जावा. वाईच ऊस कमी गाळीन." हंबीररावांनी डिकीतून केबल काढून दिली. त्यांचे डोळे भरले होते आणि केबलचं टोक कुठल्या बाजूला जातं ते त्यांना दिसत नव्हतं. बिराप्पानेच ते लावलं.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बादशहाने अंबूबाईंना हात देऊन रिक्षात बसवलं, मागच्या सीटवर आपल्या अंगातला स्वच्छ शर्ट काढून अंथरला आणि स्वतः बनियनवर हँडलला बसला. हंबीरराव बायकोशेजारी बसले. रिक्षा सुरू झाली आणि कानाचे पडदे हलले. धूर मागून आत येत होता, बाक थडथडत होतं. अंबूबाईंनी नाकाला पदर लावला, दुसऱ्या हाताने दांडी धरली आणि डोळे मिटून घेतले. पण त्यांनी थांबा म्हटलं नाही.

कोयनेवरचा पूल दिसायला लागला तेव्हा त्यांनी पदर बाजूला केला आणि काहीतरी म्हणाल्या. हंबीररावांना त्यांचे ओठ हलताना दिसले. त्यांनी मान डोलावली. डोलावली आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. जीपमध्ये आपण बायकोच्या किती गोष्टींना अशी मान डोलावली असेल, या विचाराने त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

त्यांनी पुढे वाकून बादशहाचा खांदा धरला. "बंद कर!"

"काय?"

"इंजिन बंद कर!"

"अरं गड्या, पाळी जाईल! धा मिनिटं बी न्हाईत!"

"एक मिनिट बंद कर म्हणतो ना!"

बादशहाने रिक्षा कडेला घेतली आणि चावी फिरवली. एकदम सगळं शांत झालं. पुलाखालून नदीच्या पाण्याचा आवाज येत होता. हंबीररावांनी कान बायकोच्या तोंडाजवळ नेला.

"आता सांग. काय म्हणालीस?"

अंबूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दमल्या होत्या, घाम आला होता, पण आवाज स्पष्ट होता.

"शुक्रवारी जरा लवकर निघू, म्हणलं."

हंबीररावांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "निघू," ते म्हणाले. मग डोळे पुसून बादशहाला म्हणाले, "चल गड्या, कर सुरू."